गोळ्या चालू असताना…

मैत्रिणींनो, आमचं बपेरा तुमसर तालुक्याच्या अगदी टोकाला आहे. पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. सगळी धानाची शेती. रोवणी आटोपली की माणसं जरा मोकळी होतात आणि मग पोळा येतो. पोळ्याच्या दिवशी बैलांचं कौतुक आणि दुसऱ्या दिवशी कर. करीला इकडच्या बऱ्याच घरांत काय शिजतं आणि काय प्यायलं जातं, हे विदर्भातल्या मैत्रिणींना मी सांगायला नको. बाकीच्यांनी समजून घ्यावं.

गेल्या पोळ्याच्या करीची गोष्ट. दुपारची भांडी घासून मी जरा पाठ टेकली होती. एवढ्यात शेजारच्या वहिनी धावत आल्या. "बाई, जरा चला ना, यायले काहीतरी झालं." (मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळे सगळा मोहल्ला मला बाईच म्हणतो.) जाऊन पाहते तर भाऊजी अंगणात खाटेवर आडवे. तोंड लालबुंद, जणू कुणी कुंकू चोळलंय. डोळे तांबडे. छाती नुसती धडधडते आहे, घाम सुटलाय आणि उलटी थांबत नाही. जमलेल्यांपैकी एकीने मीठ-मोहऱ्या आणल्या. एक म्हातारबुवा म्हणाले, "जेवणात काही पडलं असंल." हे ऐकल्यावर वहिनींचा चेहरा जो उतरला, तो मी विसरणार नाही. स्वयंपाक त्यांनीच केला होता ना!

कुणीतरी १०८ ला फोन केला. निघताना खिडकीत ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट मी उचललं. त्यात शहाणपणा काही नव्हता. मास्तरणीला जिथे तिथे कागद गोळा करायची सवय असते, एवढंच. तुमसरला पोचल्यावर डॉक्टरांनी पाकीट पाहिलं आणि लगेच विचारलं, "दारू घेतली का?"

भाऊजी पडल्या पडल्या मान हलवून नाही म्हणाले. दीर म्हणाला, "नाही साहेब, हात बी लावत नाही." वहिनी खाली फरशीकडे पाहत उभ्या. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तेव्हा वहिनी एवढंच बोलल्या, "सकाळपासून दोन गिलास. मोहाची."

डॉक्टरांच्या कपाळावरची आठी गेली. आता उपचार काय करायचा ते त्यांना कळलं होतं. सलाईन लागलं, नाडी आणि रक्तदाब तपासत रात्रभर ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भाऊजी घरी आले. पण खरी गोष्ट मला वहिनींकडून नंतर समजली. तीन दिवसांपूर्वी आवेचा त्रास झाला म्हणून भाऊजी दवाखान्यात गेले होते. तिथल्या डॉक्टरांनीही हाच प्रश्न विचारला होता. भाऊजी 'नाही' म्हणाले आणि वहिनींनी तेव्हाही खालीच पाहिलं. घेतच नाही म्हणणाऱ्याला 'घेऊ नका' असं बजावणार कोण?

म्हणून आज या पानावर लोणचं-पापड नाही. मी डॉक्टर नाही, मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई आहे. पण त्या दिवसापासून डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानदारांना विचारून, वाचून जे समजून घेतलं, ते तुमच्यापुढे ठेवते. 'आमच्याकडे कुणी घेत नाही' म्हणून पान उलटू नका. तुमच्यासाठीही यात काही आहे, ते पुढे येईल.

भाऊजींच्या पाकिटावर नाव होतं मेट्रोनिडाझोल. जंतू मारणाऱ्या गोळ्यांपैकी ही फार जुनी आणि फार वापरातली गोळी. आव, दाढेचं गळू, हिरड्या सुजणं, बायकांचं अंगावरून जाणं, अशा कितीतरी तक्रारींवर ती देतात. तिच्याच जातीच्या टिनिडाझोल, ऑर्निडाझोल, सेक्निडाझोल. जुलाबासाठी ज्या जोडगोळ्या मिळतात त्यांतही यातली एखादी बहुधा असते. खूण सोपी आहे. नावाच्या शेवटी 'निडाझोल' आलं की दारू वर्ज्य. पण नुसत्या 'झोल'वर जाऊ नका. पित्ताची ओमेप्राझोल आणि जंतांची अल्बेंडाझोल ही निराळी घराणी आहेत.

या गोळ्या चालू असताना दारू पोटात गेली तर तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, मळमळ, उलट्या, छातीत धडधड असा त्रास होऊ शकतो. सगळ्यांना होतोच असं नाही. २००२ साली फिनलंडमध्ये काही निरोगी पुरुषांना मुद्दाम ही गोळी आणि दारू देऊन पाहिली, तर त्यांना काहीच झालं नाही. त्यामुळे हे नक्की कसं घडतं आणि कुणाला होतं यावर जाणकारांत अजून वाद आहे. पण प्रयोगातले ते धडधाकट लोक मोजून मापून दिलेली दारू प्यायले होते. आपल्याकडच्या मोहाच्या दारूत काय आणि किती असतं, ते गाळणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून गोळ्या चालू असेपर्यंत आणि शेवटच्या गोळीनंतर तीन दिवस दारू नको, हा नियम धरावा. काही डॉक्टर दोन दिवस सांगतात. आपण तीन धरले तर कुणाचं काही बिघडत नाही.

इस्पितळात शिरेतून देतात त्या इंजेक्शनांतही असं एक आहे, सेफोपेराझोन. माणूस घरी आला, बरं वाटलं, मित्र भेटायला आले आणि 'अंगात ताकद येते' म्हणून पेला पुढे केला, असं होतं. त्याचाही परिणाम निदान तीन दिवस राहतो. घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर औषधांची नावं असतात. तो कागद घडी घालून देवघरात ठेवण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

आता हा त्रास होतो तरी कसा? याची एक मजेदार हकिगत आहे. दारू पोटात गेली की आपलं यकृत, म्हणजे लिव्हर, ती दोन पायऱ्यांनी निस्तरतं. पहिल्या पायरीवर तिचं एक विषारी द्रव्य बनतं, त्याला ॲसिटाल्डिहाइड म्हणतात. दुसऱ्या पायरीवर त्याचं निरुपद्रवी, सिरक्याच्या जातीचं द्रव्य होतं. दुसरी पायरी अडवली की ते विष अंगात साठत जातं आणि माणूस भाऊजींसारखा लाल होतो. १९३७ साली अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टराच्या लक्षात आलं की रबराच्या कामात वापरायच्या एका रसायनाशी ज्यांचा संबंध येतो, त्या कामगारांना दारू सोसत नाही. पुढे डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे संशोधक जंतांवर औषध शोधत होते. त्यांनी तशाच एका औषधाच्या, डायसल्फिरामच्या, गोळ्या आधी स्वतःच घेऊन पाहिल्या आणि एरवीसारखी थोडी दारू घेतली, तर दोघेही आजारी! त्यातून १९४८ च्या सुमारास दारू सोडवण्याचं औषध म्हणून डायसल्फिराम जगभर गेलं. निडाझोलवाल्या गोळ्या नेमकी हीच पायरी अडवतात की काय, यावरच तो वाद आहे. दिसणारा त्रास मात्र सारखाच. या डायसल्फिरामबद्दल पुढे फार महत्त्वाचं सांगायचं आहे, नाव लक्षात ठेवा.

बाकीच्या जंतुनाशक गोळ्यांचं काय? अ‍ॅमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या गोळ्यांचं आणि दारूचं असं थेट भांडण नाही. पण ही अर्धी गोष्ट झाली. आमच्याकडे धानाच्या बांध्यांत, गवतात काम करणाऱ्यांना स्क्रब टायफस हा ताप येतो. २०१८ साली विदर्भात त्याची मोठी साथ होती. त्यावर डॉक्सिसायक्लिन देतात. रोज पिणाऱ्याचं यकृत ही गोळी लवकर संपवून टाकतं, म्हणजे पुरा डोस घेऊनही औषध अपुरं पडू शकतं. डॉक्टरांना माहीत असेल तर ते त्याप्रमाणे औषध देतील. माहीत नसेल तर 'गोळीला गुण नाही' म्हणत आपण डॉक्टर बदलतो.

आणि सगळ्यांत जास्त नुकसान कशाने होतं, ठाऊक आहे? 'आज पार्टी आहे, मग आजची गोळी राहू दे' या हिशोबाने! गोळीवर प्यायचं नाही एवढं पुरुषांना ऐकून माहीत असतं, म्हणून ते दारू न सोडता गोळी सोडतात. लग्नसराईत तर सर्रास. पाच दिवसांच्या गोळ्यांतल्या दोन दिवसांच्या खिशातच राहतात. जंतू पुरते मरत नाहीत आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडेनासं होतं. कपडे धुताना खिशात पाकीट सापडलं की त्यातल्या उरलेल्या गोळ्या मोजाव्यात, हे मी वहिनींकडून शिकले.

क्षयाच्या औषधांचं तर विशेषच सांगायला हवं. टी.बी.चा उपचार निदान सहा महिन्यांचा. त्यातली आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृतावर भार टाकतात. वरून दारू असेल तर कावीळ होण्याचा धोका बराच वाढतो. भूक मेली, मळमळायला लागलं, लघवी गडद पिवळी झाली, डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर 'गरम पडलं असेल' म्हणून ताक पाजत बसू नका. त्याच दिवशी दाखवा. हातापायांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा, पिणाऱ्यांना तो त्रास अधिक होतो आणि त्यावर गोळी आहे. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. सकस खाण्यासाठी २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये रुग्णाच्या खात्यात येत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. ते अंडी-डाळीवर जातात की आणखी कशावर, हे मात्र घरातल्याच कुणीतरी पाहायचं.

आता वळूया आपल्याकडे. मैत्रिणींनो, आपण कुठे पितो, असं म्हणता ना? मीही म्हणत होते. दोन वर्षांपूर्वी मला अंगावरून जाण्याचा त्रास झाला आणि डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिली. तेव्हाच सासूबाईंनी प्रेमाने आणलेलं अशोकारिष्ट मी सकाळ-संध्याकाळ चार-चार चमचे घेत होते. दोन दिवस नुसती मळमळ, तोंडाला कसली तरी लोखंडी चव, डोकं जड. मला वाटलं पुन्हा दिवस राहिले की काय! तो त्रास अशोकारिष्टामुळे होता की नुसत्या गोळीमुळे, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, कारण मळमळ आणि ती लोखंडी चव नुसत्या गोळीनेही होते. पण बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली तेव्हा चकितच झाले. आत मद्यार्क होता, ५ ते १० टक्के!

यात कुणी फसवत नाही. आसव आणि अरिष्ट बनतातच तशी. काढ्यात गूळ घालायचा, धायटीची फुलं टाकायची आणि ते आंबू द्यायचं. आंबण्यातून आपोआप मद्यार्क तयार होतो आणि त्यातच औषध टिकतं. बाळंतिणीचं दशमूलारिष्ट, अशक्तपणाचं द्राक्षासव, पाळीचं अशोकारिष्ट, सगळ्यांची रीत तीच. चार चमच्यांत मद्यार्क थोडाच जातो, एरवी त्याची भीती नको. पण निडाझोलची गोळी चालू असेल तर तेवढे दिवस आणि पुढचे तीन दिवस बाटली कपाटात ठेवावी, आणि डॉक्टरांना सांगावं की मी हे घेते. आपण ते सांगत नाही, कारण आपल्या लेखी ते औषधच नसतं, 'घरचं' असतं. खोकल्याच्या काही औषधांत आणि होमिओपॅथीच्या अर्कांतही मद्यार्क असतो. बाटली वाचायची सवय लावून घ्या, चष्मा लावावा लागला तरी हरकत नाही.

आणि हो, मुलाला सर्दी झाली की चमचाभर ब्रँडी देणाऱ्या आज्या अजून आहेत. आमच्याकडे मोहाचीच दोन बोटं चाटवतात. त्यांचा जीव असतो नातवंडावर, हे खरं. पण लहान मुलाला दारूचा थेंबही नको, औषध चालू असो वा नसो. मोहाची फुलं नातवंडांना खाऊ घालायचीच असतील तर भाजून, तिळगुळात कुटून लाडू करावेत. फार गोड लागतात.

आता त्या डायसल्फिरामबद्दल. बसच्या पाठीवर, विजेच्या खांबांवर जाहिराती दिसतात, 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा.' माझ्या ओळखीतल्या दोघींनी अशी पूड मागवली आहे. एकीने तर मला विचारलं, "बाई, वरणात घालू की चहात?" तिला मी रागावू शकले नाही. रोज रात्री दाराकडे डोळे लावून बसणाऱ्या बाईने दुसरं करावं तरी काय? पण ऐका. अशा पुडीत काय आहे ते कुणी सांगू शकत नाही. आणि कुणी ओळखीने दुकानातून खऱ्या डायसल्फिरामच्या गोळ्या आणून कुटून घालत असेल, तर ते त्याहून धोक्याचं. ज्याला माहीत नाही तो नेहमीसारखा पिणारच. मग नुसती उलटी होऊन भागत नाही. रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर चौदा दिवसांपर्यंत हे होऊ शकतं.

यात आणखी एक पेच आहे, म्हणूनच ते नाव लक्षात ठेवायला सांगितलं होतं. डायसल्फिराम घेणाऱ्याला मेट्रोनिडाझोल द्यायची नसते, निदान दोन आठवडे मध्ये जावे लागतात. दोन्ही एकत्र आली तर, दारूचा थेंब नसतानाही, माणसाला भ्रम होऊ शकतो, तो असंबद्ध बडबडू लागतो. क्षयाच्या आयसोनियाझिडबरोबरही चालण्याचा तोल जाणं, वागणं बदलणं असं होऊ शकतं. आता बघा, वरणात पूड पडते ते नवऱ्याला ठाऊक नाही. त्याला आव होते. डॉक्टर मेट्रोनिडाझोल देतात, कारण त्यांनाही ठाऊक नाही. साऱ्या घरात हे एकीलाच ठाऊक असतं आणि ती बोलू शकत नाही. काही झालंच तर अंगणात जमलेली माणसं काय म्हणतील, ते मी करीच्या दिवशी ऐकलं आहे.

हेच औषध सांगून-सवरून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं तर चांगला उपयोग होतो. मुंबईत डिसूझा डॉक्टरांनी शंभर पुरुषांवर वर्षभर उपचार केले, २००४ साली ते प्रसिद्ध झालं. निम्म्यांना डायसल्फिराम, निम्म्यांना नाल्ट्रेक्झोन नावाचं दुसरं औषध. घरचं माणूस बरोबर असेल अशांनाच त्यात घेतलं होतं. वर्षाअखेर डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के दारूपासून दूर होते, दुसऱ्या गटात ४४ टक्के. घरच्यांचा हात तिथेही होता, फक्त उघडपणे, गोळी हातावर ठेवण्यापुरता. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं, अनेक घरं तिथून सावरली. एवढ्या दूर जाता येत नसेल तर १४४४६ हा सरकारचा मोफत फोन आहे, व्यसनाबद्दल काहीही विचारता येतं. तो फोन बायकोनेही करावा, नवरा तयार होईपर्यंत थांबू नये.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा, कारण हे वाचून कुणी उत्साहाने उद्यापासूनच घरात दारूबंदी जाहीर करील. सणावाराला घेणाऱ्याने पाच-सात दिवस थांबणं सोपं आहे. पण जो सकाळपासून पितो, रोज पितो, त्याची दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झोप उडते, नाही ते दिसू लागतं, आकडीही येऊ शकते. हे जिवावर बेतू शकतं. अशा माणसाला गोळ्या सुरू करायच्या असतील तर डॉक्टरांना आधी सांगावं, ते दारू उतरवण्याचीही व्यवस्था करतात.

आता तुम्ही म्हणाल, नवऱ्यासमोर 'हे पितात' असं सांगायचं कसं? घरी गेल्यावर कोण ऐकणार? अडचण खरी आहे. मी वहिनींना एक युक्ती सांगितली. केस पेपर काढताना एका चिठोऱ्यावर लिहायचं, 'रोज घेतात, मोहाची, सात-आठ वर्षं' आणि तो कागद पेपराबरोबरच आत सरकवायचा. लिहिता येत नसेल तर नर्सताईंच्या किंवा आशाताईंच्या कानात सांगावं. 'चहा-बिस्कीट सोडून काही घेतात का?' असं डॉक्टर विचारतात तेव्हा खाली पाहण्याऐवजी डॉक्टरांकडे पाहिलं, तरी पुष्कळदा पुरतं. त्यांनाही घरं असतात.

घरात गोळ्या आल्या की भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे आपण दुधाचा हिशोब लिहितो तिथेच, गोळ्या संपायच्या दिवशी एक गोल करावा आणि पुढच्या तीन घरांत फुल्या माराव्यात. माझ्याकडे आता तसंच असतं. आमच्या घरी घेणारं कुणी नाही, तरी अशोकारिष्टासाठी फुल्या पडतात आणि मुलगा विचारतो, "आई, या दिवशी दूध नाही आलं का?"

आणि यदाकदाचित भाऊजींसारखा प्रसंग आलाच तर मीठ-मोहऱ्या, लिंबू-सरबत, घशात बोटं घालणं यात वेळ घालवू नका. माणसाला कुशीवर निजवा म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. १०८ लावा. घरातली असतील नसतील ती सगळी पाकिटं आणि बाटल्या पिशवीत घालून बरोबर न्या. शेवटची गोळी कधी घेतली, पेला कधी घेतला, त्या वेळा सांगा.

वहिनींचं पुढे काय झालं, ते विचाराल म्हणून लिहिते. दिवाळीनंतर भाऊजींची दाढ सुजली. दोघं तुमसरला गेले, मीही शाळेच्या कामाला बरोबर होते. दाताच्या डॉक्टरांनी तपासलं आणि लिहिता लिहिता विचारलं, "दारू?" वहिनींच्या हातात चिठोरा तयारच होता. पण भाऊजींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे आणि म्हणाले, "घेतो साहेब, थोडी."

'थोडी' ऐकून वहिनींना जो खोकला सुटला, तो डॉक्टरांनी पाणी मागवेपर्यंत थांबला नाही.